मूल पडलं की मारलं? बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगणवाडी सेविका, आशा, मराठी शाळेतले गुरुजी-बाई, शेजारीपाजारी आणि घरातलीच माणसं यांच्यासाठी हे पान आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी, कागवाड, हल्याळ, जोयडा, कारवार या पट्ट्यात आमच्याकडे जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत.

मुलाच्या अंगावर काळंनिळं दिसलं की लगेच संशय घ्यायचा का?

नाही. पळतं मूल धडपडणारच. नडगी, गुडघा, कोपर, कपाळ, हनुवटी अशा जागी कातडीखाली लगेच हाड लागतं, म्हणून पडल्यावर तिथेच लागतं. शाळेच्या पटांगणात खेळणाऱ्या कुठल्याही पोराच्या नडग्या बघा, दोन-चार डाग असतातच.

पडल्यावर सहसा लागत नाही अशा जागी डाग असेल तर थांबायचं. कान, कानामागची जागा, मान, जबड्याचा कोपरा, गालाचा मऊ भाग, पापण्या, डोळ्याच्या पांढऱ्या भागात साकळलेलं रक्त, छाती, पोट, पाठ, कुल्ले या त्या जागा. वरच्या ओठाला आतून हिरडीशी जोडणारी पातळ पट्टी असते, ती फाटलेली असली तरी थांबायचं. मूल चार वर्षांच्या आतलं असेल तर यातली एकही जागा पुरेशी आहे, त्याला डॉक्टरांकडे न्यायला हवं. डॉक्टर यालाच ‘टेन-फोर-फेसेस-पी’ नियम म्हणतात. पाच महिने पूर्ण न झालेल्या बाळाच्या बाबतीत तर जागेचाही प्रश्न येत नाही. अंगावर कुठेही एक डाग दिसला तरी तपासणी हवी.

कुठल्याही खुणेबाबत वय, जागा आणि घरच्यांनी सांगितलेली हकीगत या तीन गोष्टी एकमेकींशी जुळतात का, हे बघा. नुसत्या डागावरून फारसं कळत नाही.

हकीगत जुळत नाही म्हणजे नेमकं काय?

बाळ साधारण चार ते सहा महिन्यांत कुशीवर-पालथं वळतं, सहा ते आठ महिन्यांत बसतं, आठ-दहा महिन्यांत रांगतं आणि वर्ष-सव्वा वर्षात चालतं. तीन महिन्यांचं बाळ ‘स्वतःच लोळत जाऊन कॉटखाली पडलं’ असं कुणी सांगितलं, तर त्या वयात ते जमणारं नाही. दहा महिन्यांचं बाळ ‘बंबाचा नळ सोडून भाजलं’ म्हटलं, तर नळ किती उंच आहे आणि बाळ उभं राहतं का, हे विचारायला हवं.

हकीगत बदलत गेली तर तीही खूणच आहे. आईने जिना सांगितला, आजीने पाळणा सांगितला आणि दवाखान्यातल्या केसपेपरवर तिसरंच लिहिलं गेलं, असं होतं. काही वेळा हकीगतच नसते, मोडलेल्या हाडाबद्दल नुसतं “कसं झालं काय की, सकाळी उठलं तर सुजलेलं” एवढंच ऐकायला मिळतं.

उशिराबद्दल मात्र घाई करू नका. कणकुंबी-जांबोटीकडच्या वाडीतून पावसाळ्यात खानापूरला पोचणं, किंवा ऊसतोडीच्या टोळीतल्या बाईला हजेरी बुडवून दवाखाना गाठणं सोपं नसतं. उशीर का झाला ते विचारा. कारण पटण्याजोगं असेल तर उशीर बाजूला ठेवा आणि इजेकडेच बघा.

कशाने मारलं ते खुणेवरून कळतं का?

पुष्कळदा कळतं. छडी, फोक, उसाचं कांडकं किंवा पट्टा बसला की दोन समांतर लाल रेषा उठतात आणि मधली पट्टी फिकट राहते. फटक्याच्या दाबाने रक्त दोन्ही कडांना ढकललं जातं आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, म्हणून मधली जागा कोरी दिसते. वायर किंवा दोरी दुहेरी करून मारली तर एका टोकाला बंद असलेला, केसांच्या आकड्यासारखा लांबट वळ उठतो. हा आकार पडून झडून होत नाही. पट्ट्याच्या बकलाची कडा तर कधी कधी जशीच्या तशी उमटते.

थप्पड बसली की गालावर बोटांच्या रेषा दिसतात. दंड घट्ट धरून हिसडलं तर एका बाजूला अंगठ्याचा आणि दुसऱ्या बाजूला तीन-चार बोटांचे गोल डाग पडतात. चिमट्याच्या खुणा म्हणजे समोरासमोर दोन छोट्या चंद्रकोरी. मनगटाला किंवा घोट्याला गोलाकार घासलेला पट्टा असेल तर बांधून ठेवल्याचा संशय घ्यावा. चावा कुत्र्याचा असेल तर कातडी टोचून फाटते. माणसाचा असेल तर लंबगोल, चेंगरल्यासारखा डाग उठतो, आणि दोन सुळ्यांमधलं अंतर ३ सेंटिमीटरहून जास्त असेल तर चावणारी व्यक्ती बहुधा मोठी असते. ‘धाकट्या भावाने चावलं’ हे उत्तर अशा वेळी पट्टीने मोजून बघावं.

रंगावरून डाग किती दिवसांचा हे ठरवता येतं का?

नाही, आणि डॉक्टरांनाही ते खात्रीने ठरवता येत नाही. लाल, निळा, हिरवा, पिवळा असा क्रम पुस्तकात असला तरी एकाच दिवशी पडलेले दोन डाग वेगवेगळे दिसू शकतात. सावळ्या कातडीवर तर रंग ओळखणंच अवघड. लिहिताना “दोन दिवसांपूर्वीचा डाग” असं लिहू नका. “डाव्या कानामागे, पावलीएवढा, जांभळा” असं लिहा.

भाजणं अपघाताने झालंय की मुद्दाम, हे कसं ओळखायचं?

मूल चहा, आमटी किंवा गरम पाणी अंगावर ओढून घेतं तेव्हा वरून खाली ओघळ येतो. हनुवटी, छाती आणि खांदा जास्त भाजतात, खाली भाजणं कमी होत जातं, आजूबाजूला शिंतोडे उडालेले दिसतात आणि कडा वेड्यावाकड्या असतात.

हात किंवा पाय धरून गरम पाण्यात बुडवले असतील तर मोजा घातल्यासारखी सरळ रेघ दिसते, खोली सगळीकडे सारखी असते आणि शिंतोडे जवळजवळ नसतात. घंगाळ्यात दाबून बसवलं असेल तर कुल्ल्यांचा मधला भाग भांड्याच्या तुलनेने थंड तळाला टेकतो आणि वाचतो, त्याच्याभोवती भाजल्याचं कडं उठतं. मुलाने पाय पोटाशी ओढून घेतले असतील तर मांडीच्या घड्याही वाचतात. ६० अंश सेल्सिअस पाण्यात लहान मुलाची कातडी काही सेकंदांत खोलवर भाजते. त्यामुळे “एक मिनिटभरच पाण्यात होतं” हे घरच्यांना किरकोळ वाटत असेल, पण ते किरकोळ नाही.

सिगारेटचा दाबलेला चटका साधारण ८ ते १० मिलिमीटरचा, गोल, काठ रेखीव आणि मध्ये खोल असतो. विडीचा त्याहून थोडा लहान. निपाणी भागात घरोघरी विड्या वळल्या जातात, तिथे “जळती विडी चुकून लागली” हे कारण सहज सुचतं. चुकून लागलेली विडी निसटून जाते, त्यामुळे डाग लांबट आणि वरवरचा राहतो. एकाच ठिकाणी दोन-तीन गोल, सारखे, खोल डाग असतील तर ‘चुकून’ म्हणता येत नाही. उलथनं, चिमटा किंवा इस्त्री टेकवली तर त्या वस्तूची कडा उमटते.

काहीही झालेलं असो, भाजलेल्या जागेवर आधी २० मिनिटं वाहतं साधं पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट, शाई यांपैकी काही लावू नका. त्याने जखम बिघडते आणि डॉक्टरांना भाजल्याची खोलीही कळत नाही.

पोटदुखीवर किंवा कावीळ झाली म्हणून बाळाला डाग देतात. तो छळ धरायचा का?

हेतू छळाचा नसतो, इजा मात्र खरीच असते. तापलेल्या सुईने किंवा सळईने पोटावर दिलेल्या डागण्या, बिब्ब्याचं तेल लावून उठलेले काळे फोड हे आपल्याकडे अजून दिसतं. बिब्ब्याचा रस कातडीला रासायनिक चटका देतो, आणि लहान बाळाला तो फार त्रासदायक होतो.

आमचं मत असं : घरच्यांना गुन्हेगार ठरवून सुरुवात करू नका, पण ‘आमच्याकडे रीतच आहे’ म्हणून सोडूनही देऊ नका. बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण डाग ज्या आजारासाठी दिला तो आजार तसाच राहिलेला असतो. नवजात बाळाच्या काविळीवर प्रकाशझोताचे उपचार असतात आणि वेळ गेली तर मेंदूला धोका होतो. समजावूनही पुन्हा डाग दिला तर कळवायचंच.

मारल्यासारखं दिसतं पण मारलेलं नसतं, असं काय काय असतं?

बरंच असतं, आणि ते माहीत नसेल तर निरपराध घर उगाच भरडलं जातं. कमरेवर-कुल्ल्यावर जन्मापासूनचे निळसर-करडे चट्टे आपल्याकडे खूप बाळांना असतात. त्यांना मंगोलियन डाग म्हणतात. ते दुखत नाहीत, सुजत नाहीत, आठवडाभर पाहिलं तरी रंग बदलत नाहीत आणि काही वर्षांत आपोआप फिके होतात. अंगणवाडीच्या नोंदीत अशा डागाची जागा लिहून ठेवली तर पुढे गोंधळ होत नाही.

इंपेटिगो या त्वचारोगाचे पुवाचे फोड सिगारेटच्या चटक्यासारखे दिसतात, पण ते लहानमोठे असतात, त्यांवर मधासारखी खपली धरते आणि औषधाने ते व्रण न ठेवता बरे होतात. हिमोफिलिया, प्लेटलेट कमी होणं, डेंग्यू, जन्मल्यावर व्हिटॅमिन के न मिळालेलं बाळ यांत जरा लागलं तरी काळंनिळं होतं. ठिसूळ हाडांचा एक आनुवंशिक आजार असतो, त्यात हाडं पुन्हा पुन्हा मोडतात आणि कधी डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसतो. हे वेगळं काढण्याचं काम डॉक्टरांचं आहे. सेविकेने किंवा शिक्षकाने निदान करत बसू नये.

हाड मोडण्यात संशयास्पद काय?

न चालणाऱ्या बाळाची मांडी मोडणं, पाठीकडच्या बाजूने मोडलेल्या बरगड्या, हाडाच्या टोकाशी निघालेले बारीक कपचे, आणि जुनी-नवी मोडणी एकाच वेळी दिसणं. छाती दोन्ही हातांत धरून दाबली-हलवली की बरगड्या पाठीमागे, मणक्यापाशी मोडतात. साध्या पडण्याने त्या तशा मोडत नाहीत. उलट, नुकतं चालायला लागलेलं मूल पाय मुरगाळून पडलं आणि नडगीच्या हाडाला पीळदार बारीक चीर गेली, तर ते बहुतेक वेळा अपघातच असतं.

बाहेर काहीच खूण नाही, तरी इजा असू शकते?

हो, आणि जीव जाण्याचा धोका अशाच इजेत जास्त. रडं थांबत नाही म्हणून बाळाला जोरात गदागदा हलवलं तर मेंदूभोवती रक्त साचतं, डोळ्यांच्या आत रक्तस्राव होतो आणि कातडीवर ओरखडाही नसतो. बाळ पीत नाही, सुस्त पडतं, ताप-जुलाब नसताना ओकतं, टाळू फुगते, झटके येतात, श्वास मध्येच थांबतो. अशा बाळावर ‘पोट बिघडलंय’ म्हणून दोन दिवस औषधं होत राहतात, हे वारंवार घडतं. पोटात लाथ किंवा बुक्की बसली तर यकृत किंवा आतडं फाटू शकतं. पोट फुगणं, हिरवी उलटी, हात लावू न देणं दिसलं की थेट मोठा दवाखाना गाठायचा. जिल्हा रुग्णालय, म्हणजे बेळगावचं बिम्स, किंवा जवळ पडत असेल तर कोल्हापूरचं सीपीआर.

वागण्यावरून ओळखता येतं का?

थोडंफार. कुणी हात वर केला की दचकणं, मे महिन्यात पूर्ण बाह्या, बाकावर नीट न बसणं, शाळा सुटल्यावर घरी जायला टाळाटाळ, ठरावीक माणूस आला की गप्प होणं. पण मार खाणारं मूल त्याच बापाला बिलगतही असतं, हसत-खेळतही असतं. म्हणून वागणं हे जोडीचा पुरावा समजा, मुख्य नव्हे.

मुलाशी बोलायचं कसं?

एकांतात, पण दार उघडं ठेवून. “हे कसं झालं रे?”, “मग?”, “अजून काही सांगायचंय?” एवढे तीन प्रश्न पुरतात. “पप्पांनी मारलं ना?” असं विचारलंत तर पुढे कोर्टात ते उत्तर पढवलेलं ठरतं. “कुणाला सांगणार नाही” हे वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. चार जणांनी चार वेळा विचारू नका. कपडे काढून तपासू नका, जे दिसतंय तेवढंच बघा.

नंतर लगेच वहीत तारीख, वेळ आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा. पोरगं “मामानं वायरनं हाणलं” म्हणालं तर तेच लिहायचं. “मामाने मारहाण केल्याचे सांगितले” असं सरकारी करून टाकलं की त्यातली वायर हरवते, आणि वळाशी जुळवायला तीच लागते.

आधी घरच्यांना बोलावून समज द्यावी का?

गंभीर संशय असेल तर नको. त्या रात्री मुलाला आणखी मार बसतो, किंवा दुसऱ्या दिवशी मूल चंदगड-गडहिंग्लजच्या पाहुण्यांकडे पोचतं आणि इकडची शाळा, सेविका, पोलीस सगळ्यांच्या नजरेआड होतं. आधी कळवा. घरच्यांशी बोलायचं काम ज्यांना ते शिकवलेलं आहे त्यांना करू द्या.

कुणाला कळवायचं? पुरावा लागतो का?

पुरावा लागत नाही, रास्त संशय पुरतो. जीव धोक्यात असेल तर ११२. बाकी वेळी १०९८, मोफत, चोवीस तास. कर्नाटकात याला मक्कळ सहायवाणी म्हणतात. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका. मुलाचं वय, पत्ता, काय दिसलं, आत्ता घरात कोण आहे आणि धोका किती, एवढं सांगा. सीमेवरच्या गावांत मोबाईल कधी कधी पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो, म्हणून फोन लागताच राज्य, जिल्हा, तालुका आधी बोला. समोरचा कन्नडमध्ये बोलला तर “मराठी” म्हणा आणि थांबा, फोन ठेवू नका.

प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी असतो, त्यालाच भेटायचं आहे असं सांगा. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे (मक्कळ कल्याण समिती) थेट लेखी अर्जही देता येतो. इजा लैंगिक अत्याचाराची वाटत असेल तर मात्र कळवणं ऐच्छिक नाही. पोक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे.

घटना एका राज्यात, दवाखाना दुसऱ्या राज्यात. मग?

निपाणीकडे हे नेहमीचं. दवाखाना कुठल्याही राज्यातला असो, इजेचं कारण संशयास्पद असेल तर तिथे एमएलसी (पोलिसांना कळवायच्या इजेची दवाखान्यातली नोंद) नोंदवायला सांगा आणि नंबर लिहून घ्या. पोलीस “आमची हद्द नाही” म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चं कलम १७३ सांगा. घटना कुठेही घडलेली असो, तक्रार घ्यावी लागते, मग ती योग्य ठाण्याकडे जाते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ऊसतोड टोळीतलं मूल गाळप संपल्यावर गावी निघून जातं, तेव्हाही समितीला प्रकरण त्याच्या जिल्ह्यातल्या समितीकडे पाठवता येतं.

कर्नाटकात एफआयआर कन्नडमध्ये लिहिला जातो. सही करण्याआधी तो मराठीत समजावून घ्या, आणि मुलाचं वय, तारीख, इजेची जागा बरोबर लिहिली आहे का ते खात्री करून घ्या. तक्रारदाराला प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. समितीपुढे मुलाला कन्नड येत नसेल तर दुभाषी मागा. घरातल्याच माणसाला दुभाषी करू नका, त्याच्याविरुद्ध मूल बोलणार नाही.

डॉक्टर काय तपासतात?

दोन वर्षांखालच्या मुलाच्या सगळ्या हाडांचे वेगवेगळे एक्स-रे काढायचे असतात. संपूर्ण बाळाचा एकच फोटो काढला तर बरगडीची चीर त्यात दिसत नाही. ताजी मोडणीही पहिल्या फोटोत निसटते, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे लागतात, आणि नेमका हाच फेरा चुकतो. त्याशिवाय रक्त गोठण्याच्या तपासण्या, प्लेटलेट, गरजेप्रमाणे डोक्याचा सीटी स्कॅन आणि डोळ्यांची तपासणी. घरात दोन वर्षांखालचं दुसरं मूल असेल, विशेषतः जुळं, तर त्यालाही दाखवायचं.

फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला तर दबाव येईल ना?

मुलाचं नाव, चेहरा, शाळा, पत्ता उघड करणं हा बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फोटो पोलिसांना किंवा डॉक्टरांना काढू द्या. डाग मावळेपर्यंत कुणीच पोचणार नसेल तर एक लांबून आणि एक जवळून, शेजारी पट्टी धरून काढा आणि फक्त तपास करणाऱ्यांना द्या.

कळवलं तर मुलाला घरातून उचलून नेतील का?

ही भीती सगळ्यांना असते, म्हणून कित्येक जण गप्प बसतात. कायद्यातच संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय म्हटलेला आहे. घरातून हलवलंच तर मुलाला २४ तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) समितीपुढे उभं करावं लागतं, आणि घरची सामाजिक चौकशी १५ दिवसांत व्हायला हवी. आजी, मावशी, काका यांच्यापैकी कुणी सुरक्षित असेल तर मूल त्यांच्याकडे राहू शकतं.

शाळेत गुरुजींनी मारलं तर?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. मुख्याध्यापक आणि एसडीएमसीला (शाळेची देखरेख समिती) लेखी द्या, प्रत बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) कार्यालयात द्या आणि पोचेचा शिक्का घ्या. इजा झाली असेल तर हे सगळं नंतर, आधी दवाखाना आणि पोलीस. शाळेने आपसात मिटवायला सांगितलं तरी एमएलसी टाळू नका. मूल ताब्यात असलेल्या कुणीही, मग तो पालक असो वा शिक्षक वा वसतिगृहाचा रखवालदार, क्रूरपणे वागलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलं सांभाळणाऱ्या संस्थेचा कर्मचारी असेल तर पाच वर्षांपर्यंत.

कळवलं, पण कुणी हललंच नाही. आता?

१०९८ वर पुन्हा फोन करा आणि आधीच्या फोनची तारीख-वेळ सांगा. पोलिसांनी तक्रार नाकारली तर तीच लेखी करून रजिस्टर पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा. बेळगाव शहरातली ठाणी पोलीस आयुक्तांच्या हाताखाली आहेत, तिथलं पत्र आयुक्तांच्या नावे. तिथेही दाद नाही मिळाली तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्याच वेळी एक प्रत बाल कल्याण समितीला आणि एक बेंगळुरूच्या राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाला पाठवा. पत्र मराठीत असलं तर सोबत कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडा, नाहीतर ते भाषांतरासाठीच टेबलावर पडून राहतं. आणि मूल शाळेत, अंगणवाडीत येतंय का, हे रोजच्या हजेरीत बघत राहा. सलग दोन दिवस आलं नाही तर तिसऱ्याची वाट न बघता फोन करा.